महामारीत फुटपाथवरच्या माणसाचं काय झालं? बेघरांच्या आरोग्यावरच्या संशोधनातली पोकळी शोधायची आणि भरायची कशी

कोविडच्या काळात मुंबईत कुठल्या वॉर्डात किती केसेस, किती बेड रिकामे, किती जण गेले, हे रोज संध्याकाळी आपल्या फोनवर यायचं. त्या आकड्यांत फुटपाथवर राहणाऱ्या माणसांचा वेगळा आकडा कधी आला नाही. किती जणांना लागण झाली, किती जण गेले, किती जणांची टीबीची गोळी मध्येच सुटली, किती बायका रस्त्यावरच बाळंत झाल्या, हे वेगळं लिहूनच ठेवलं गेलं नाही. मी फुटपाथवरच्या कुटुंबांसोबत आरोग्याचं काम करते आणि दरवर्षी एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एमपीएच (सार्वजनिक आरोग्य), पीएसएम (मेडिकल कॉलेजातला सामाजिक आरोग्याचा विभाग) इथली मुलंमुली येऊन विचारतात, ताई, बेघरांवर डिसर्टेशन (पदवीचा प्रबंध) करायचंय, गॅप म्हणजे संशोधनातली पोकळी कुठे आहे ते सांगा. त्यांना दरवेळी तोंडी सांगते ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतेय. उदाहरणं बहुतेक मुंबईची आहेत कारण काम तिथलं आहे, पण पुणे, नाशिक, नागपूर कुठेही हीच पद्धत थोडी बदलून चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बहुतेक जण गॅप शोधायला पेपरच्या शेवटी जातात, जिथे लिहिलेलं असतं की अजून संशोधनाची गरज आहे. बेघरांच्या बाबतीत पोकळी त्याच्या खूप आधी तयार झालेली असते, फॉर्म छापला जातो तेव्हा. ज्या फॉर्मवर बेघर असा रकानाच नाही, त्यातून बेघरांचा आकडा निघणार कुठून? म्हणून आधी रकाने बघायला शिका, पेपर नंतर वाचले तरी चालतात.

पायरी १: बेघर म्हणजे कोण, हे लिहून काढा

झोपडपट्टीत राहणारा आणि फुटपाथवर राहणारा एकच, असं धरून सुरुवात केली की पुढचा सगळा अभ्यास वाया जातो. जनगणनेची व्याख्या सोपी आहे, ती घ्या. जे कुटुंब इमारतीत किंवा घरात राहत नाही, तर रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात उघड्यावर, रेल्वे प्लॅटफॉर्मवर राहतं ते बेघर. या व्याख्येने २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजणी झाली आणि देशात सुमारे १७.७३ लाख बेघर निघाले, त्यात शहरांतले ९.३८ लाख. महाराष्ट्रात २.१० लाखांच्या वर आणि मुंबईत साधारण ५७ हजार. एका रात्रीत झालेली मोजणी म्हणजे बरेच सुटलेले असणार हे उघड आहे, तरी हातात असलेला अधिकृत आकडा तोच.

पण व्याख्या घेऊन थांबू नका, तिच्या आत गट पाडा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच फुटपाथवर पाल ठोकून राहणारी कुटुंबं, त्यात पारधी कुटुंबं बरीच. नाक्यावर उभं राहून काम मिळवणारे एकटे पुरुष, हातगाडीवरच झोपणारे. मानसिक आजार असलेली भटकणारी माणसं. स्टेशनातली मुलं. आणि एक गट हमखास विसरला जातो, तो म्हणजे पेशंटचे नातेवाईक आणि खुद्द पेशंट. परळला टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूच्या फुटपाथवर बाहेरगावाहून कॅन्सरच्या उपचाराला आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने राहतात. गावात त्यांचं घर असतं, इथे ती बेघर असतात आणि लॉकडाऊनमध्ये ती इथेच अडकली होती. या प्रत्येक गटाचा आजार वेगळा, धोका वेगळा. सगळ्यांना एका टोपलीत टाकून ‘बेघरांमध्ये अमुक टक्के’ असं लिहिलं तर त्यातून कुणाचंच काही कळत नाही.

आणखी एक गोंधळ २०२० चा. मार्चअखेर लॉकडाऊन लागल्यावर शाळांत, हॉलमध्ये तात्पुरते कॅम्प उघडले, त्यात गावी जाऊ न शकलेले कामगार आणि आधीपासून रस्त्यावर राहणारे एकत्र आले. त्या काळातला कॅम्पचा आकडा कुठे मिळाला तर तो बेघरांचा म्हणून वापरण्याआधी दहा वेळा विचार करा.

पायरी २: आहे ते वाचा, पण शोधताना शब्द बदलत राहा

नुसतं ‘होमलेस’ टाकून शोधलं तर अमेरिका, कॅनडा, इंग्लंडचे पेपर येतात आणि मुलं घाईने लिहून मोकळी होतात की भारतात काहीच नाही. भारतातलं काम वेगवेगळ्या नावांखाली दडलेलं असतं. हाउसलेस, पेव्हमेंट ड्वेलर, शेल्टरलेस, स्ट्रीट चिल्ड्रन, डेस्टिट्यूट, बेगर, वाँडरिंग मेंटली इल, अननोन पेशंट, अनक्लेम्ड बॉडी, हे सगळे शब्द एकेक करून टाका. फॉरेन्सिकवाल्यांचे बेवारस मृतदेहांवरचे पेपर आणि सायकियाट्रीवाल्यांचे भटक्या रुग्णांवरचे पेपर हे बेघरांचेच पेपर आहेत, फक्त लिहिणाऱ्याने तो शब्द वापरलेला नसतो. मराठी, हिंदी वर्तमानपत्रं आणि संस्थांचे अहवालसुद्धा बाजूला ठेवू नका, पण पुरावा म्हणून त्यांचं वजन वेगळं धरा.

बाहेरचे तीन अभ्यास मात्र नीट वाचाच, कारण आपल्याला काय विचारायचं ते त्यातून कळतं. पहिला बोस्टनचा. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला तिथल्या एका मोठ्या निवाऱ्यात ४०८ जणांची सरसकट टेस्ट केली, १४७ पॉझिटिव्ह निघाले म्हणजे ३६ टक्के, आणि त्यातल्या सुमारे ८८ टक्के लोकांना काही लक्षणंच नव्हती. म्हणजे दारात उभं राहून ताप बघून आत घ्यायचं, हा उपाय तिथे जवळजवळ निरुपयोगी होता. दुसरा पॅरिस आणि आजूबाजूच्या भागाचा, २०२० च्या जून-जुलैमधला. ८१८ जणांच्या रक्तात अँटीबॉडी (आधी लागण होऊन गेल्याची खूण) तपासल्या, एकूण ५२ टक्के निघाल्या. पण जागेनुसार बघितलं तर जेवण वाटपाच्या ठिकाणी २८ टक्के, तात्पुरत्या निवाऱ्यात ५० टक्के आणि कामगारांच्या वसतिगृहात तब्बल ८९ टक्के. तिसरा इंग्लंडचा, गणिती मॉडेलचा. तिथे पहिल्या लाटेत रस्त्यावरच्या लोकांना हॉटेलच्या वेगळ्या खोल्या दिल्या आणि मॉडेलच्या हिशेबाने त्यामुळे २१,०९२ जणांची लागण आणि २६६ मृत्यू टळले.

आता हे मुंबईला लावून बघा, इथेच खरा प्रश्न सापडतो. वरच्या अभ्यासांत निवारा हा मोठा मुद्दा आहे. आपल्याकडे शहरी बेघर निवारा योजनेने घालून दिलेला नियम असा की दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय हवी. २०११ ला मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती, म्हणजे नियम शंभर टक्के पाळला तरी साडेबारा हजारांच्या आतबाहेर लोकांची सोय होते आणि मोजलेले बेघर ५७ हजार. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक लोक उघड्यावर झोपतात. पॅरिसमध्ये दाटी हा सगळ्यात मोठा धोका निघाला, मग उघड्यावर झोपणाऱ्यांना श्वासाच्या आजाराचा धोका कमी होता का? आणि तसं असेल तर त्यांना उचलून शाळेच्या हॉलमध्ये ठेवल्याने तो वाढला का? मला विचाराल तर पुढच्या महामारीआधी या प्रश्नाचं उत्तर मिळवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण पुन्हा तसंच काही आलं की पहिला हुकूम हाच निघणार, सगळ्यांना आत घ्या.

पायरी ३: फॉर्म जमवा आणि रकाने तपासा

हे काम टेबलावर बसून दोन दिवसांत होतं, खर्च शून्य, आणि तरीही क्वचितच कुणी करतं. कोविडच्या टेस्टसाठी नमुन्यासोबत जो फॉर्म भरायचे तो घ्या, मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, दवाखान्याचा केस पेपर घ्या, टीबीच्या नोंदणीचा फॉर्म, लसीकरणाची पद्धत. प्रत्येकावर तीन गोष्टी बघा. पत्ता सक्तीचा आहे का, मोबाइल नंबर सक्तीचा आहे का, आणि ‘घर नाही’ असं लिहायला जागा आहे का. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत बेघरपणासाठी झेड ५९.० असा कोड आहे, पण केस पेपर लिहिणारा तो वापरत नाही, तो पत्त्यापुढे ‘फिरस्ता’ लिहितो नाहीतर जवळच्या स्टेशनचं नाव टाकतो. म्हणून जुनी रजिस्टरं बघायला मिळाली तर हे शब्द शोधा. फिरस्ता, बेवारस, अनोळखी, अमुक ब्रिजखाली, तमुक स्टेशनजवळ. माणसं त्या शब्दांमागे आहेत.

रकाना नसल्याने काय होतं त्याचं मोठं उदाहरण म्हणजे जुलै २०२० चा मुंबईचा सिरो सर्व्हे, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी तपासणारी पाहणी. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी मिळून माटुंगा, चेंबूर, दहिसर या तीन वॉर्डांत सुमारे ७ हजार नमुने घेतले, झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाकीच्या वस्तीत १६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. फार मोलाचं काम झालं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यातले गट दोनच होते, झोपडपट्टी आणि झोपडपट्टी नसलेला भाग. माटुंग्याच्या पुलाखाली राहणारा माणूस यातल्या कुठल्या गटात?

लसीचंही बघा. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविनवर (लसीच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) फोटो असलेलं ओळखपत्र लागायचं. ज्यांच्याकडे असलं काहीच नाही त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर यादी करून, एका समन्वयकाच्या नावावर नोंद करून लस द्यायची पद्धत केंद्राने एप्रिल-मे २०२१ मध्ये काढली, म्हणजे मुंबईत दुसरी लाट शिखरावर येऊन गेल्यावर. त्याच मे महिन्यात कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. फुटपाथवरचा माणूस, ज्याला पावसाळ्यात जागा बदलावी लागते, पालिकेची गाडी आली की उठावं लागतं, तो तीन महिन्यांनी त्याच जागी सापडेल? पहिला डोस मिळून दुसरा सुटलेले किती, हा शोधता येण्यासारखा छोटा आणि स्वच्छ प्रश्न आहे, डिसर्टेशनला अगदी पुरे.

पायरी ४: एकच प्रश्न निवडा

सगळंच विचारायचं असं ठरवून गेलात तर काहीच हाती लागत नाही. मृत्यू, टीबी, बाळंतपण, भूक, मानसिक आजार, संडास आणि पाणी, यातला एक घ्या. काही प्रश्नांकडे फारच कमी लक्ष गेलंय. उदाहरणार्थ मार्च २०२० च्या शेवटी दारूची दुकानं एका दिवसात बंद झाली, रोज पिणाऱ्या माणसाची दारू अशी एकदम तुटली की हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, जिवावर बेतणं हे सगळं होऊ शकतं, मग एकट्या राहणाऱ्या पुरुषांचं तेव्हा काय झालं? किंवा पैसे देऊन वापरायचं शौचालय आणि बंद पडलेली कमाई, यात बायकांनी पाणी पिणं किती कमी केलं आणि लघवीच्या त्रासाचं प्रमाण काय झालं?

टीबीचं थोडं सविस्तर सांगते कारण यात पार्श्वभूमीचे आकडे पक्के आहेत. देशात २०१९ मध्ये टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये ते १८ लाखांवर आले. आजार एका वर्षात एवढा कमी होत नसतो, तपासणीच झाली नाही. त्यात बेघर किती हे वेगळं काढता येत नाही, पण फुटपाथवर जाऊन आज खोकणाऱ्या माणसाला विचारता येतं की पूर्वी कधी औषध चालू होतं का, केव्हा सुटलं, का सुटलं. एका मावशींनी मला त्यांची सगळी कागदपत्रं दाखवली होती. साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात आणखी एक पिशवी, त्यात टीबीचं कार्ड, गोळ्यांची अर्धी पट्टी, मुलाचा जन्मदाखला, रेशनसाठी कुणीतरी भरून दिलेला फॉर्म. पिशवी त्या उशाला घेऊन झोपायच्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं त्या रात्री पाल उडालं आणि पिशवी पाण्यात गेली. कार्डावरची शाई पसरून नुसता निळा डाग उरलेला, आणि नव्या ठिकाणी औषध मागायला गेल्या तर जुना कागद आणा. रजिस्टरमध्ये याची नोंद काय होणार? पेशंट आलाच नाही, उपचार सोडला. उपचार सोडला की उपचार सुटला, हा फरक तुमच्या प्रश्नावलीत दिसला पाहिजे.

पायरी ५: परवानगी आणि माणसाचा मान

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नीतितत्त्वं वाचा, त्यात असुरक्षित गटांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज वेळेत टाका आणि त्यात तोंडी संमती, साक्षीदारासमोर, अशी परवानगी मागून घ्या. फुटपाथवर अंगठा मागितला की माणूस घाबरतो, आणि घाबरायला कारण आहे. राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली माणसाला उचलून नेता येतं. पारधी समाजाच्या मागे तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासूनचा संशय लागलेला आहे, तो कायदा गेला, १९५२ मध्ये ते विमुक्त झाले, पण रात्री टॉर्च घेऊन आलेला माणूस आजही त्यांना पोलीसच वाटतो. मला पहिल्या भेटीत हमखास विचारतात, ताई, तुम्ही कुठल्या हापिसातून? याचं उत्तर एका वाक्यात, खरं खरं देता आलं पाहिजे. ‘आम्ही घर देणार नाही, रेशन कार्ड देणार नाही, हा अभ्यास आहे’ हे आधीच सांगा. खोटी आशा लावून मिळवलेली माहिती नको.

आधार नंबर घेऊ नका. फोटो नको. जागेचं नेमकं वर्णन अहवालात देऊ नका, कारण तुमचा अहवाल वाचून तिथे पालिकेची गाडी जाऊ शकते. आणि सर्वात महत्त्वाचं, मदतीची यादी आधी तयार ठेवा. बीपी मोजलं आणि १८०/११० निघालं तर त्या माणसाला कुठे, कुणाकडे, कोण घेऊन जाणार? भ्रमिष्ट अवस्थेत कुणी सापडलं तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे पोलिसांवर जबाबदारी आहे, त्या ठाण्याचा नंबर जवळ आहे का? ही सोय नसेल तर बीपी मोजायला जाऊच नका, नुसते प्रश्न विचारा.

पायरी ६: रात्रीची मोजणी

किती जण आजारी होते हे सांगायला आधी एकूण किती हे लागतं. दिवसा फुटपाथ रिकामा असतो, सगळे कामावर, त्यामुळे मोजणी रात्री ११.३० नंतर, दुकानांची शटरं पडल्यावर. पावसाळ्यात नको, गणपती-नवरात्रात नको, कारण लोक हललेले असतात. तीन जणांची टीम, त्यात एक बाई हवीच, आणि एक त्याच भागात राहणारा बेघर माणूस, मानधन देऊन. कोण कुठे झोपतं हे त्याला माहीत असतं, जिन्याच्या मागे, बंद टपरीच्या वर, उभ्या ट्रकखाली. पोलीस ठाण्याला पत्र देऊन ठेवा. टॉर्च जमिनीकडे धरा, तोंडावर नाही, झोपलेल्याला उठवू नका.

एकदाच मोजलं तर बरेच सुटतात म्हणून दोनदा मोजायचं. समजा पहिल्या रात्री १२० जण दिसले आणि प्रत्येकाजवळ तुम्ही ठरावीक रंगाची साबणाची डबी ठेवलीत. दोन रात्रींनी पुन्हा गेलात, १०० जण दिसले, त्यातल्या ६० जणांकडे ती डबी होती. मग एकूण अंदाज म्हणजे १२० गुणिले १०० भागिले ६०, म्हणजे २००. म्हणजे पहिल्या रात्री ८० जण तुमच्या नजरेतून सुटले होते. या हिशेबात गृहीत धरलंय की दोन रात्रींत कुणी आलं-गेलं नाही आणि कुणी डबी विकली किंवा दिली नाही, म्हणून दुसऱ्या रात्री डबीसोबत तोंडीही विचारा (जागं असेल तर), आणि मधलं अंतर दोन-तीन रात्रींपेक्षा वाढू देऊ नका. हातगाडीवाले रात्री एक-दीडनंतर येतात, त्यांच्यासाठी वेगळी उशिराची फेरी लागते.

पायरी ७: प्रश्न कसे विचारायचे

तारीख विचारून उपयोग नाही. आता तर इतकी वर्षं झाली, तुम्हाला आम्हाला तरी कुठे आठवतंय. खुणा द्या. थाळ्या वाजवल्या तेव्हा, म्हणजे २२ मार्च २०२०. लोकल बंद झाल्या तेव्हा. निसर्ग वादळाच्या आधी की नंतर, म्हणजे ३ जून २०२०. तौक्ते आलं तेव्हा, १७ मे २०२१. घरात बसलेल्यांना वादळ आठवेल न आठवेल, उघड्यावर राहणाऱ्याला प्रत्येक वादळाची रात्र आठवते. हे माझ्या अनुभवाने सांगते, वादळाच्या खुणेवर मिळालेली उत्तरं सगळ्यात भरवशाची असतात.

शब्दही बघून घ्या. ‘श्वसनाचा त्रास’ नको, ‘दम लागायचा का, चार पावलं चालून बसावं लागायचं का’ असं विचारा. ‘ताप होता का’ पेक्षा ‘अंग मोडून आलं होतं का, पडून राहावं लागलं का, किती दिवस कामाला गेला नाहीत’. मराठी, हिंदी दोन्ही तयार ठेवा आणि पारधी, कन्नड, तेलुगू बोलणारी कुटुंबं असतील तर त्यांच्यातलंच कुणी सोबत घ्या. नवऱ्यासमोर बाईला पाळीचं, बाळंतपणाचं विचारू नका, पाण्याच्या नळावर भेटा.

मृत्यूबद्दल विचारायचं असेल तर थेट ‘तुमच्या घरात’ असं न विचारता ओळीबद्दल विचारा. फुटपाथवर प्रत्येक पट्ट्याची एक ओळ असते, सगळे एकमेकांना ओळखतात. ‘लॉकडाऊनपासून दुसरी लाट संपेपर्यंत या ओळीतलं कोण कोण गेलं?’ असं चार-पाच वेगवेगळ्या माणसांना विचारा, नावं जुळवा, एकच मृत्यू दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घ्या. मग जवळच्या माणसाकडून शेवटच्या आजारपणाची हकीकत घ्या, व्हर्बल ऑटॉप्सीची (जवळच्यांशी बोलून मृत्यूचं कारण शोधण्याची पद्धत) तयार प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची आहे, ती मराठीत आणून तुमच्या भागातल्या शब्दांत बसवा. ही मुलाखत एकाच बैठकीत उरकायची नाही. समोरचं माणूस रडायला लागलं तर वही मिटा.

पायरी ८: सरकारी कागद मिळवा

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. मी असा मजकूर सुचवते: ‘१ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२३ या काळात आपल्या पोलीस ठाण्यात बेवारस अथवा अनोळखी म्हणून नोंद झालेल्या अकस्मात मृत्यूंची महिनावार संख्या, लिंग व अंदाजे वयोगटानुसार द्यावी.’ आधीची तीन वर्षं मुद्दाम मागायची, नाहीतर २०२० चा आकडा जास्त की कमी हे कशाच्या तुलनेत सांगणार? ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ असं उत्तर येतं तेव्हा रजिस्टर पाहणीची मागणी करा, तो हक्क कायद्यातच आहे. उत्तर नाहीच आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन सापळे आहेत. बेवारस म्हणजे बेघरच असं नाही, आणि ज्या बेघराला नातेवाईक आहेत तो बेवारस नोंदला जात नाही. दुसरं, २०२० मध्ये लोकल महिनोन्‌महिने सामान्यांसाठी बंद होत्या, त्यामुळे रेल्वे पोलिसांकडचे रुळांवरचे मृत्यू साहजिकच घटले. शहर पोलीस आणि रेल्वे पोलीस यांचे आकडे एकत्र केले तर ही घट दुसरीकडची वाढ गिळून टाकेल आणि तुम्ही लिहून बसाल की काहीच फरक पडला नाही. दोन्ही वेगळे ठेवा.

पायरी ९: लिहिताना आणि परत नेताना

टक्केवारी द्याल तिथे कशापैकी ते लिहा. निवाऱ्यातले आणि उघड्यावरचे वेगळे तक्ते. जे भेटले नाहीत ते कोण असू शकतात ते स्पष्ट लिहा. बहुधा सगळ्यात आजारी, गावी निघून गेलेले आणि मेलेले, म्हणजे तुमचा आकडा खऱ्यापेक्षा बराच सौम्य असणार. एक पान भरून अशी यादी द्या की कुठल्या फॉर्ममध्ये कुठला रकाना वाढवला तर पुढच्या वेळी हे आपोआप कळेल. वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याला तुमच्या शंभर पानांतलं हेच पान कामाचं आहे.

आणि अहवाल जमा करायच्या आधी तो त्याच फुटपाथवर वाचून दाखवा, मोठ्याने, त्यांच्या भाषेत. आम्ही एकदा अशी मृतांची यादी वाचली तेव्हा एका आजींनी मध्येच थांबवलं, म्हणाल्या, हा पोरगा गेला नाही, जालन्याला बहिणीकडे आहे, आणि गेला तो याचा भाऊ, त्याचं नाव तुम्ही घेतलंच नाही. तीन जणांना विचारून जुळवलेली नोंद होती ती.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. तुमच्या पट्ट्याची दोन रात्रींची मोजणी त्याच सुमारास करा, नकाशावर खुणा करून ठेवा, आणि जनगणनेचे आकडे आले की वॉर्डनुसार शेजारी मांडून बघा.